डावा कौल, स्वल्पविराम

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत भूगोलाच्या मास्तरांवर दोन पानांचा लेख आला आहे. त्या दोन पानांत मला सतरा चुका सापडल्या. त्यांपैकी अकरा शुद्धलेखनाच्या होत्या. त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून मी स्मरणिका संपादकाकडे परत पाठवली. उरलेल्या सहा मास्तरांविषयीच्या आहेत. त्या समासात मावेनात, म्हणून हा लेख.

संपादक माझाच विद्यार्थी. मुंबईत मोठ्या हुद्द्यावर चढला आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन आठवणी लिहू लागला. सातवीत असताना तो ‘आशीर्वाद’ हा शब्द ‘आर्शीवाद’ असा लिहीत असे. स्मरणिकेतही तसाच लिहिला आहे. इतक्या वर्षांत ज्याला एक रफार जागेवर नेता आला नाही, त्याने एक अख्खा माणूस जागेवर ठेवला असेल, यावर माझा विश्वास नाही.

त्याच्या मते मास्तर विक्षिप्त होते आणि नास्तिक होते. त्यांनी मुलांना सांगितलेली रक्त पिणाऱ्या प्रेताची कथा इंग्रजी पुस्तकातून उचललेली होती. त्या कथेपायी आमचा आठवीचा वर्ग बुडणार होता आणि तो ऐन वेळी संपादकाने वाचवला. यातले ‘विक्षिप्त’ तेवढे मला मान्य आहे. मी भाषा शिकवीत होतो, ते भूगोल. दोन वर्गांच्या मधे कुडाची भिंत होती. अकरा वर्षे मी त्या भिंतीच्या अलीकडून त्यांचे ऐकले आणि अकरा वर्षे त्यांच्याशी भांडलो. भांडणारा माणूस जितक्या बारकाईने लक्ष देतो तितक्या बारकाईने स्तुती करणारा कधीच देत नाही.

प्रथम नास्तिकतेचे पाहू. शेंदूर लावलेल्या दगडाशी वाटाघाट केल्याशिवाय हे गृहस्थ पुढे पाऊल टाकीत नसत. शाळेतला खडू संपला की ते ग्रामदेवतेच्या दिशेने तोंड करून गाऱ्हाणे घालीत: “बा देवा म्हाराजा, ह्या पोरांक नद्यो शिकवच्यो आसत, खडू धाडून दी.” गाऱ्हाण्याला जमलेल्या मंडळींनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचे असते. मंडळी नसल्यामुळे मास्तर स्वतःच आवाज बदलून ‘होय म्हाराजा’ म्हणत. शिक्षकांच्या खोलीत एक माणूस दोन आवाजांत प्रार्थना करतो आहे हे दृश्य मी अकरा वर्षे पाहिले. याला नास्तिकता म्हणत असतील तर आस्तिकांची कठीण परिस्थिती आहे.

त्यांच्या भूगोलात भुतांना लोकसंख्येत धरलेले असे. रत्नागिरी जिल्हा अजून एकच होता. त्याचा नकाशा त्यांनी भिंतीवर काढला होता आणि त्यात डोंगर तपकिरी, खाड्या निळ्या व जागृत झाडे तांबडी होती. तळेऱ्याला देवगडचा आणि विजयदुर्गचा रस्ता फुटतो तिथे कोणत्या बाजूला काय आहे, हे ते विचारीत. मुले आधी वस्तीचे नाव सांगत, मग वडाचे, मग वडावरच्याचे. मी आक्षेप घेतला तेव्हा ते म्हणाले, “पंडितानु, परदेशाची राजधानी पाठ करून हेंका काय मिळतला? ह्या रस्त्यान तेंका जावचा आसा.” मला ते ‘पंडितानु’ म्हणत. त्यात आदर किती आणि टवाळी किती याचे प्रमाण मला अजून सुटलेले नाही. त्यांच्या वर्गातले पोर मात्र पुढे आयुष्यात कधी रस्ता चुकले नाही, हे मी कबूल करतो. त्यांचे एक वचन मुलांना तोंडपाठ होते: “भियाचा, पण पळाचा नाय.”

आता कथा.

आमची शाळा मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी, सातवीपर्यंतची. पुढे शिकायचे तर तरीने पलीकडे जावे लागे. पावसाळ्यात तरीची होडी बंद, आणि उरलेल्या दिवसांत मुलींना तरीत बसवायला गाव तयार नसे. म्हणून आठवीचा वर्ग इथेच उघडावा असा अर्ज आम्ही केला होता. ‘आम्ही’ म्हणजे मी; मुख्याध्यापकाची जागा रिकामी होती आणि काम माझ्याकडे होते. या अर्जावर सातवीचा सगळा वर्ग टांगलेला होता, आणि सर्वांत उंचावर टांगलेली होती शेवंती. तिची आई मासे विकीत असे. आईने लेकीसाठी वेताची नवी पाटी आणून ठेवलीही होती. शाळेतली पाटी सुटली की डोक्यावर ही पाटी चढणार, हे शेवंतीला ठाऊक होते. ती वर्गात सर्वांत हुशार होती. संपादक म्हणतो की तो स्वतः होता. त्याचे गुणपत्रक मी भरले आहे.

त्याच वर्षी मला विषमज्वर झाला आणि तीन महिने मी सावंतवाडीला भावाकडे पडून होतो. माझा शनिवारचा शुद्धलेखनाचा तास मास्तरांकडे गेला. उतारा घ्यायचे पुस्तक माझ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या उशाखाली. मास्तरांनी पहिल्या शनिवारी घसा खाकरला आणि मनाने एक वाक्य सांगितले. त्याच्यापुढे दुसरे. तीन महिन्यांनी मी परत आलो आणि तपासायला वह्या उघडल्या. समोर आलेल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलेले: “शनिवारी दुपारी पाहुणा आला. त्याला सावली होती, परंतु आरशात तो नव्हता.”

मी वही घेऊन भिंतीपलीकडे गेलो. “हे काय आहे?”

“शुद्धलेखन.”

“यात एक प्रेत घरोघर जाऊन रक्त पितं आहे.”

“पिता तां पिता. ऱ्हस्व-दीर्घ बघ. चूक दिसता खंय?”

दिसेना. हा माझ्या आयुष्यातला कटू क्षण आहे. ज्या पोरांनी माझ्या हाताखाली ‘पाणी’ ऱ्हस्व काढून गावाची विहीर आटवली होती, त्यांनी ‘रक्तपिपासू’ हा शब्द बिनचूक लिहिला होता. कारण मास्तरांनी नियम घालून दिला होता: वहीतली प्रत्येक चूक म्हणजे कुडातली फट, पावणो थयसून आत येता. पोरे जीव मुठीत धरून वेलांट्या देत होती.

संपादक म्हणतो, ही कथा इंग्रजीतून चोरलेली. मास्तर तरुणपणी वर्षभर मुंबईस होते; तिथे त्यांनी असल्या प्रेताचा एक इंग्रजी चित्रपट पाहिला, इथपर्यंत खरे. पण मध्यंतरातच ते उठले, कारण मालवणला येणारी बोट सुटायची वेळ झाली होती. प्रेत घरात कसे शिरते, आरशात का दिसत नाही, एवढे त्यांना समजले. ते मरते कशाने, ते उरलेल्या अर्ध्यात होते. चोराने अर्धा ऐवज मुंबईत सोडून उरलेला स्वतःच्या घरातून भरला, तर ती चोरी म्हणावी काय, हे संपादकाने सांगावे.

त्या प्राण्याला मराठीत नाव नव्हते. वेताळ म्हणावे असे कोणीतरी सुचवले, तेव्हा मास्तर संतापले. “वेताळ आमचो राखणदार. लोक तेका हातभर लांब चपलो वाहतत. तेका रगत पिणारो म्हणशात तर तीच चपल तुमच्या पाठीत.” मग त्यांनी ‘शोषक’ हा शब्द काढला. एक शनिवार तो चालला. आमच्या शाळासमितीचे अध्यक्ष काजूचे व्यापारी होते. त्यांनी मुलाच्या वहीत “शोषक गावात आला, त्याचे दात सोन्याचे होते” हे वाक्य वाचले आणि सोन्याचे दात झाकीत शाळेत आले. त्यानंतर शब्द बदलून ‘पाहुणा’ झाला. पोरांच्या तोंडी ‘पावणो’.

हा बदल नाइलाजाने झाला; पण सगळी कथा त्यामुळेच जमली. चित्रपटातला नियम असा की, बोलावल्याशिवाय त्या प्रेताला उंबरठा ओलांडता येत नाही. साहेबाच्या देशात हे संरक्षण पुरेसे असेल. तिथे लोक एकमेकांना बोलावीत नाहीत. आमच्याकडे रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, हाक जाते: “येवा, बसा, च्याय घेवा.” मास्तरांच्या कथेत पाहुणा तीन आठवड्यांत अर्धा गाव फस्त करतो, ते केवळ गावाच्या अगत्यामुळे. शिवाय त्याची खूण अशी की तो आत येण्याआधी शुद्ध पुणेरीत परवानगी मागतो. आमच्याकडे कोणी मागत नाही. माणूस अंगणातून ओरडत ओरडत थेट चुलीपाशी येतो.

कथेत पाहुण्याला एकटी तोंड देते ती एक मुलगी. तिच्याजवळ उपायांची कमतरता नव्हती. चित्रपटात क्रूस दाखवल्यावर ते प्रेत मागे सरकताना मास्तरांनी पाहिले होते. म्हणून ते आमच्या पाव विकणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे चौकशीला गेले. तो म्हणाला, “मास्तरानू, क्रूस नेवा, माजी ना नाय. पण तुमचो पावणो हिंदू आसा मां? तेका तो कळतलो कसो?” मास्तरांना हे पटले. पुढच्या शनिवारच्या उताऱ्यात आले: “देवाची खूण पाहुण्याला अडवीत नाही. ती धरणाऱ्याचा हात अडवतो.” हे वाक्य मी तपासले. व्याकरण निर्दोष आहे.

कथेतल्या मुलीला मास्तरांनी नाव दिले नाही. तिच्या नावाची जागा कोरी सोडायची आणि ज्याने त्याने हवे ते नाव भरायचे, असा हुकूम. मुलग्यांनी आपल्या बहिणींची नावे घातली. आवडत्या की नावडत्या, ते ज्याचे त्याला ठाऊक. शेवंतीने शाई लावून ठळक अक्षरांत ‘शेवंती’ लिहिले.

ही कथा कागदावर फक्त त्या वह्यांत होती. त्यामुळे जितक्या वह्या तितक्या कथा, आणि आज जो तो आपलीच खरी म्हणतो. एका वाक्यावरून तर अजून तंटे आहेत. मास्तरांनी सांगितले होते: “पाहुण्याला मान द्यावा, ही गावाची रीत.” एका वहीत उतरले: “पाहुण्याला मान द्यावी, ही गावाची रीत.” एका वेलांटीने सन्मानाचा गळा झाला. ही वही कोणाची, ते मी सांगणार नाही. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर ज्याचे छायाचित्र आहे, त्याला ठाऊक आहे.

मी परतलो तरी मुलांनी शनिवारचा तास मास्तरांकडेच ठेवायला लावला; तेव्हा ही कथा बंद करावी असे मी समितीला लिहिले होते. हे लपवीत नाही. अर्ज सरकारदरबारी असताना वर्गात प्रेत फिरवणे मला परवडणारे नव्हते. पण समितीची सभा भरायच्या आधी मास्तरांनी त्यांचा सर्वांत मोठा शोध सांगून टाकला. त्या शनिवारचा उतारा मी भिंतीअलीकडून ऐकला.

कथेतली मुलगी दाराला आतून कडी लावते, कोणालाही ‘ये’ म्हणायचे नाही अशी घरच्यांना शपथ घालते. तरी पाहुणा रोज आत. कसा? ती आठवडाभर विचार करते आणि तिच्या ध्यानात येते. आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातंय’ म्हणत नाही. जाणे मेलेल्याचे. निघणारा म्हणतो ‘येतंय’, आणि घरचे म्हणतात ‘ये हां’. पाहुणा दारातूनच परत फिरल्यासारखे करतो, ‘येतो’ म्हणतो, आणि घरातली म्हातारी सवयीने ‘ये’ म्हणते. झाले. निरोपातच आमंत्रण. उपाय एकच, त्याला ‘जा’ म्हणणे. आणि आमच्या गावात दारी आलेल्याला ‘जा’ म्हणण्यापेक्षा लोक रक्त देतील.

भिंतीपलीकडून टाकांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मी व्याकरण शिकवतो. ‘ये’ आणि ‘जा’ या धातूंवर मी कितीदा बोललो असेन. मला हे कधी सुचले नव्हते. मी समितीला दुसरे, अधिक कडक पत्र लिहिले.

पुढच्याच शनिवारी दिपोटी आले. शाळातपासनिसांना त्या काळी आम्ही दिपोटी म्हणत असू. ते सोमवारी यायचे होते. तरीची होडी आधी मिळाली म्हणून दोन दिवस आधीच एकटे उतरले. उंच, गोरे, काहीसे निस्तेज गृहस्थ. बंद गळ्याचा काळा कोट, डोक्यावर काळी छत्री, आणि विडा खाऊन लालभडक झालेले तोंड. मास्तर विहिरीवर पाणी प्यायला गेले होते. दिपोटी सातवीच्या दारात उभे राहिले आणि अत्यंत शुद्ध स्वरात म्हणाले, “आत येऊ का?”

भिंतीअलीकडून मला ते शब्द ऐकू आले.

“मुलांनो, मी आत येऊ का?”

मग शेवंतीचा आवाज, स्पष्ट, शनिवारच्या उताऱ्यासारखा: “नको. जावा.”

मी धावलो. संपादक लिहितो की दिपोटी घेरी येऊन पडले. ते पडले नाहीत. ते खळ्यात छत्रीखाली उभे होते आणि घड्याळ पाहत होते. मी हात जोडून “या, या, साहेब” म्हटले, तेव्हा वर्गातून असा एक उसासा आला की जणू मी गाव विकला. एवढ्यात मास्तर लोटा घेऊन परत आले. त्यांनी साहेबांना पायांपासून तोंडापर्यंत पाहिले. तोंडापाशी ते थबकले.

“साहेबानू,” ते म्हणाले, “तुमका आरशात बघूक हरकत नाय मां?”

प्रकाशाचे परावर्तन शिकवायला टेबलाच्या खणात एक आरसा असे. शेवंतीने तो आणला आणि दोन्ही हातांनी साहेबांसमोर धरला. साहेबांनी पाहिले. मुलांनी साहेबांच्या पाठीमागून माना उंचावून पाहिले.

“आसा गो, आसा,” कोणीतरी म्हणाले. वर्ग सैल झाला. साहेबांनी खिशातून रुमाल काढून ओठ पुसले.

मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी वह्या मागवल्या. मी माझ्या राजीनाम्याची वाक्ये मनात जुळवू लागलो. त्यांनी पहिली वही पाहिली, दुसरी पाहिली. तिसरी वाचताना ते पुढचे पान उलटायचे सोडून मागे जाऊन पुन्हा वाचू लागले. चौथ्या वहीत थांबले.

“‘पाहुण्याला मान द्यावी’?” ते म्हणाले आणि त्यांचा हात नकळत कोटाच्या गळ्याकडे गेला. “द्यावा की द्यावी?”

“साहेबानू, तां पावण्याक इचाराक होया,” शेवंती म्हणाली. “तेका काय होया तां.”

साहेब हसले नाहीत. पण हसू आवरायला त्यांना छत्री उघडून मिटावी लागली. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, “शुद्धलेखन मी जिल्ह्यात पाहिलेल्यांत उत्तम आहे. विषय मात्र विचित्र. सातवीच्या मुलांना आपण भय शिकवतो आहोत की आणखी काही, हे मला शेवट ऐकल्याशिवाय कळणार नाही. चौथ्या शनिवारी मी पुन्हा येतो. शेवटचा उतारा माझ्यासमोर घाला. आठवीचा अहवाल त्यानंतर लिहीन.”

अशा रीतीने आठवीचा वर्ग एका प्रेताच्या मरणावर येऊन ठेपला, आणि ते कसे मरते हे ज्या अर्ध्या चित्रपटात होते तो मास्तरांनी पाहिला नव्हता.

गावाने मदत केली. अध्यक्षांचे मत पडले की पाहुण्याने शेवटी पश्चात्ताप होऊन शाकाहार स्वीकारावा. देवळाचे गुरव म्हणाले, देवाने प्रकट होऊन त्याला जाळावे, देवळाचा मानही राहतो. मी एक बोधपर समारोप लिहून दिला, तो वाचून मास्तर म्हणाले, “पंडितानु, ह्या वाचून पावणो झोपतलो, मराचो नाय.”

तीन शनिवार उलटले तरी शेवट सुचेना. अखेर मास्तरांनी देवळात जाऊन कौल लावला. पाषाणावर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. त्यांनी विचारले, चेडू जगात काय? म्हणजे, मुलगी जगेल का? गुरव सांगतात की बराच वेळ काही पडेना. मग डावी पडली.

मास्तर माझ्याकडे आले ते पडलेल्या चेहऱ्याने. “देव नाय म्हणता.”

“प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता?” मी विचारले.

“आधी इचारलंय, जगात काय? पाकळी हलेना. मग इचारलंय, म्हाराजा, चेडू मराचा नाय मां? तेवा डावी पडली.”

माझ्या विद्येला याहून चांगली संधी कधी मिळाली नव्हती. “मग काम झालं. तुमचा प्रश्न नकारार्थी आहे. ‘मरणार नाही ना?’ याला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर मराठीत त्याचा अर्थ ‘नाही, मरणार नाही’ असाच होतो. डावा कौल तुमच्या बाजूनं आहे.”

“पंडितानु, देवाक माजा मन कळता. तेना काय सांगला तां माकाव कळला. देवाक व्याकरणात धरूचा नसता.”

आणि हा माणूस नास्तिक होता म्हणे. हाती आलेली पळवाट ज्याने देवाच्या भिडेखातर सोडली, त्याला नास्तिक म्हणणाऱ्याने आस्तिकाची व्याख्या मला लिहून पाठवावी. शुद्धलेखन मी तपासून देईन.

मी त्यांना आठवीच्या वर्गाची आठवण दिली. मुलगी मेली तर साहेब काय समजतील? पोरे घाबरवली, एवढेच. शेवंतीची नवी पाटी चुलीशेजारी टांगलेली आहे. ते म्हणाले, “माका म्हायती आसा.” आणि गेले.

चौथ्या शनिवारी साहेब आले. दारात थांबले नाहीत, आमच्या लोकांसारखे खळ्यातूनच “आहात का मास्तर?” करीत आत शिरले. एवढे त्यांनी शिकून घेतले होते. भिंतीकडेला अध्यक्ष, गुरव आणि मी. मुलांनी टाक शाईत बुडवले. गावात गोष्ट लपत नाही. डावा कौल पडल्याचे वर्गाला ठाऊक होते. शेवंती ताठ बसली होती. तिच्या वहीतली मुलगी शेवंती होती.

मास्तर सांगू लागले. नेहमीचा आवाज, जरा कोरडा. मुलगी देवळात जाते. सगळे उपाय थकले आहेत. ती कौल लावते.

“देवाने डावा कौल दिला,” मास्तर म्हणाले. थांबले. “पूर्णविराम.”

टाक थांबले. कोणीही पूर्णविराम दिला नाही. वहीवर एक टिंब द्यायचे, तेवढे कोणाला देववेना. आमच्या संपादकाने याच क्षणी शाईची दौत सांडली. त्याचा या प्रसंगातला एकूण सहभाग एवढाच.

“मास्तरानू,” शेवंती बसूनच म्हणाली, “पूर्णविराम कित्याक?”

“देवान नाय म्हटला गो. पुढे काय रवला?”

“देवान म्हटला. मिया खंय अजून काय म्हटलंय?” ती म्हणाली. “स्वल्पविराम घाला.”

मास्तरांनी खडू हातात फिरवला. मग ते कधी नव्हे ते माझ्याकडे वळले. अकरा वर्षांत त्यांनी मला व्याकरणाचा एकही प्रश्न विचारला नव्हता.

“पंडितानु. घालूचो काय? चलता?”

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता, साहेबही. ती कथा बंद करा म्हणून मी दोन पत्रे लिहिली होती. शुद्ध व्याकरणाने पाहिले तर वाक्य तिथे पुरे झाले होते. कर्ता होता, कर्म होते, क्रियापद होते. काही बाकी नव्हते.

“चालतो,” मी म्हणालो. “वाक्य अपुरं आहे. घाला.”

स्मरणिकेत हा स्वल्पविराम संपादकाने स्वतःच्या नावावर घातला आहे. सांगून ठेवतो: तो शेवंतीचा होता, त्याला परवानगी माझी होती.

मास्तरांनी डोळे मिटले आणि पुढचे सांगू लागले. त्यांना ते त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. तो उतारा शेवंतीच्या वहीतून देतो:

“देवाने डावा कौल दिला, परंतु तिने जोडलेले हात सोडले नाहीत. ती म्हणाली, देवा महाराजा, तुझे म्हणणे मी ऐकले. आता माझे ऐक. मी मरणार नाही, आणि तुला सोडणारही नाही. होय महाराजा. मग ती घरी गेली. दारात पाहुणा उभा होता. तो रोजच्यासारखा म्हणाला, येतो. ती म्हणाली, जा. पाहुणा जागीच उभा राहिला. तीनशे वर्षे तो दारोदार हिंडला होता. मेल्या दिवसापासून प्रत्येक घराने त्याला ये म्हटले होते. जा म्हणणारे कोणी भेटले नव्हते, म्हणून त्याला जाता आले नव्हते. त्याने छत्री मिटली. तो म्हणाला, उपकार झाले. आणि गेला. पूर्णविराम.”

या वेळी सर्वांनी पूर्णविराम दिला. मी वह्या तपासल्या आहेत. काहींनी दोनदा दिला आहे.

गुरव नाराज होते. “देवाचा शब्द मोडलास मां, मास्तरा?” मास्तर म्हणाले, “मोडूक नाय. देवान सांगला, तिना ऐकला, मग तिना सांगला, देवान ऐकला. तेका गाऱ्हाणा म्हणतत. तुमी ता रोज घालतास.” गुरवांनी यावर विचार करायला वेळ मागून घेतला. माझे मत विचाराल तर, ज्याला देवाचा नकार खरा वाटतो तोच त्याच्याशी हुज्जत घालतो. इतरांना त्याची गरज पडत नाही.

साहेब उठले. छत्री घेतली, दारात गेले आणि वळून म्हणाले, “बरं मुलांनो, येतो.”

मुलांनी मास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी शेवंतीकडे. तिने साहेबांना पुन्हा एकदा नीट न्याहाळले.

“येवा,” ती म्हणाली.

मग सगळा वर्ग म्हणाला. पूर्ण विचार करून आमंत्रण दिलेला आमच्या गावातला तो पहिला पाहुणा असावा. पावसाळ्याआधी आठवीची परवानगी आली. शेवंतीच्या आईने वेताची पाटी विकली नाही. तीत शेवंती पुढे कित्येक वर्षे, स्वतः शिक्षिका झाल्यावरही, तपासायच्या वह्या ठेवीत असे.

आता सहावी चूक, शेवटची. संपादक लिहितो की मास्तरांची आणि माझी अखेरची भेट झाली तेव्हा आम्ही परस्परांना नमस्कार केला आणि काही बोललो नाही. तो तिथे नव्हता. मी होतो.

साठचे दशक सरत आले होते. मास्तरांना पोटाचा विकार झाला होता आणि डॉक्टरांनी मुलाला बाहेर नेऊन जे सांगितले ते मास्तरांनी कुडातून ऐकले होते. कुडाचा त्यांचा अनुभव जुना. एका सकाळी ते काठी टेकीत माझ्याकडे आले. पेज घेतली, माझ्या लेखातल्या एका समासावरून माझ्याशी भांडले आणि उठले. खळ्याच्या टोकाशी, जिथे मेरेची, म्हणजे बांधाची, पायरी आहे, तिथे थांबून म्हणाले, “बरा पंडितानु, येतंय.”

“या,” मी म्हणालो.

ते हलले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिले, वर्गात चुकीचे उत्तर आल्यावर पाहत तसे.

“चुकलास,” ते म्हणाले.

माझे व्याकरण चुकले असे मला आयुष्यात कोणी म्हटले नव्हते. त्यांना हवा असलेला शब्द दोन अक्षरांचा होता. पण आमच्या घरात दारी आलेल्या माणसाला तो आजवर कोणी म्हटला नव्हता, आणि या माणसाशी भांडायला मला दुसरा कोणी मिळणार नव्हता.

“जावा, मास्तर,” मी म्हणालो.

“आता बरोबर,” ते म्हणाले, आणि पायरी उतरले.

चौथ्या दिवशी ते गेले. त्यानंतर ते आलेले नाहीत. शनिवारीसुद्धा नाहीत, आणि मी शनिवारी दार उघडेच ठेवतो. म्हणजे त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांचे एवढेच मी मान्य करतो.